दर्शनी भिंत बरोबर, खोली चुकते: जमिनीवरून काढलेले फोटो प्लॉटरवर लावताना परत परत येणारी अडचण

वाड्याची दर्शनी भिंत प्लॉटरवर (दोन जागांवरून काढलेल्या फोटोंच्या जोडीवरून मापं घेऊन रेखाटणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) प्लॉट केली, खिडक्यांची रुंदी-उंची टेपशी जुळली, कंट्रोल पॉइंटचे (साइटवर आधी मोजून ठेवलेल्या खुणांचे) आकडे पण मस्त आले, आणि मग कोणीतरी सहज देवळीत हात घालून टेप लावली तर ती २० सेंटीमीटर खोल आणि आपल्या मॉडेलमध्ये तीच ३० सेंटीमीटर. सज्जा पण भिंतीपासून जरा जास्तच पुढे आलेला दिसतो. मग शोधाशोध सुरू होते, कंट्रोल परत मोजा, पॉइंट परत मारा, ओरिएंटेशन (कॅमेऱ्याची जागा आणि दिशा बसवणं) परत करा, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं, रुंदी-उंची बरोबर आणि खोली चूक. हे मी माझ्या स्वतःच्या कामात अनुभवलंय आणि दुसऱ्यांच्या कामात तर कितीतरी वेळा बघितलंय, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक करा, कंट्रोलला हात लावू नका. खोलीची दोन-तीन मापं टेपने घ्या, तीच मॉडेलमध्ये मोजा आणि भागाकार करा. सगळीकडे गुणोत्तर एकच येतंय का बघा. एकच येत असेल, म्हणजे देवळीत पण १.५, सज्ज्याला पण १.५, जोत्याच्या पायरीला पण १.५, तर तुमचा एकही पॉइंट चुकलेला नाही, तुम्ही मशीनला कॅमेऱ्याचं प्रिन्सिपल डिस्टन्स (लेन्सपासून फोटोच्या प्रतलापर्यंतचं अंतर, साधारण फोकल लेंग्थएवढं) चुकीचं सांगितलंय. गुणोत्तर जागोजागी वेगळं येत असेल तर भानगड दुसरी आहे, त्याबद्दल खाली लिहिलंय.

असं का होतं ते समजून घेणं गरजेचं आहे कारण त्याशिवाय ही चूक जात नाही, फक्त जागा बदलते. दोन्ही फोटोंचे अक्ष एकमेकांना समांतर आणि बेसला (कॅमेऱ्याच्या दोन जागांमधल्या अंतराला) काटकोनात असतील तर आडवं माप म्हणजे फोटोवरचा एक्स गुणिले बेस भागिले पॅरलॅक्स (एकाच बिंदूच्या दोन फोटोंतल्या एक्सचा फरक), उभं माप म्हणजे फोटोवरचा वाय गुणिले बेस भागिले पॅरलॅक्स, आणि खोली म्हणजे प्रिन्सिपल डिस्टन्स गुणिले बेस भागिले पॅरलॅक्स. आता नीट बघा, पहिल्या दोन सूत्रांत प्रिन्सिपल डिस्टन्स कुठेच नाही! ते फक्त खोलीच्या सूत्रात आहे. म्हणून तुम्ही ५० मिलिमीटरच्या जागी ७५ टाकले तर रुंदी-उंचीला काहीही होत नाही आणि खोली सरळ दीडपट होते. कंट्रोल पॉइंट सगळे त्याच एका सपाट भिंतीवर असतील तर ऍडजस्टमेंट (कंट्रोलशी मेळ बसवणारं गणित) काय करतं, कॅमेऱ्याची जागा भिंतीपासून दीडपट लांब नेऊन ठेवतं आणि रेसिड्युअल (मेळ बसवल्यावर उरलेला फरक) छान दाखवतं. चूक गिळून टाकतं. त्यामुळे आकडे चांगले आले म्हणून निर्धास्त राहू नका, सरळ समोरून काढलेल्या फोटोंत सपाट भिंतीवरचे कंट्रोल पॉइंट ही चूक कधीच दाखवत नाहीत, ते दाखवूच शकत नाहीत.

आकड्यावरून कारण बऱ्यापैकी ओळखता येतं. क्रॉप सेन्सरचा (३५ मिलिमीटर फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डिजिटल कॅमेरा असेल आणि गुणोत्तर १.५ च्या आसपास येत असेल तर कोणीतरी खऱ्या फोकल लेंग्थच्या जागी ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबाची फोकल लेंग्थ टाकली आहे, एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोच्या फाइलमध्ये लिहिलेल्या माहितीत) दोन्ही आकडे असतात आणि घाईत चुकीचा उचलला जातो, मोबाइलच्या फोटोत तर हमखास. बरोब्बर २ येत असेल तर फोटो कुठेतरी अर्ध्या साइझला रिसाइझ झालाय आणि पिक्सेलचं माप मात्र जुनंच राहिलंय, ६००० पिक्सेलचा फोटो मेलवर किंवा व्हॉट्सॅपवर जाऊन ३००० चा झाला आणि कॅमेरा फाइलमध्ये पिक्सेल अजून ०.००६ मिलिमीटरचाच आहे. आणि १.०१, ०.९९ असं बारीक काही येत असेल तर ते फोकसचं आहे. ५० मिलिमीटरची लेन्स अनंतावर ५० असते, पण ५ मीटरवर फोकस केली की प्रिन्सिपल डिस्टन्स ५०.५ मिलिमीटर होतं, म्हणजे १ टक्का, आणि २० मीटरवर साधारण ५०.१. कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याचे नेमके आकडे मोजून काढणं) एका फोकसला केलं आणि साइटवर ऑटोफोकस चालू राहिला की प्रत्येक फोटोचं प्रिन्सिपल डिस्टन्स वेगळं, मग कुठलाही एक आकडा टाका तो अर्ध्या फोटोंना चूकच असणार. फोकस रिंगवर चिकटपट्टी लावायची, ऑटोफोकस बंद, इमेज स्टॅबिलायझेशन बंद, कॅमेऱ्यातलं लेन्स करेक्शन बंद, आणि फोटो आपोआप उभा-आडवा फिरवणारं सेटिंग पण बंद. हे शेवटचं लोक विसरतात. उभा फोटो सॉफ्टवेअरने स्वतःहून फिरवला की प्रिन्सिपल पॉइंटचा (लेन्सचा अक्ष फोटोवर जिथे येतो त्या बिंदूचा) मध्यापासूनचा ऑफसेट भलत्याच अक्षावर जातो, आणि मग चूक प्रिन्सिपल डिस्टन्सची नसून सुद्धा मॉडेल वाकडं दिसतं आणि तुम्ही दोन दिवस चुकीच्या ठिकाणी शोधत बसता.

आता जुन्या मशीनबद्दल, कारण अजूनही काही ठिकाणी ऍनालॉग (कॉम्प्युटरशिवाय, भिंगं-दांड्यांवर चालणारे) प्लॉटर चालू स्थितीत आहेत आणि जुन्या मेट्रिक (मोजणीसाठीच बनवलेल्या) कॅमेऱ्यांच्या निगेटिव्ह कपाटात पडून आहेत, त्या परत लावायची वेळ येते. मी शिकलो तेव्हा आमच्याकडे एरियलचा (विमानातून काढलेल्या फोटोंचा) प्लॉटर होता आणि फोटो होते वाइल्ड पी३२ चे. पी३२ म्हणजे थिओडोलाइटवर (कोन मोजायच्या यंत्रावर) बसणारा छोटा कॅमेरा, फोकल लेंग्थ ६४ मिलिमीटर, फॉरमॅट ६५ बाय ९० मिलिमीटर. आमच्या प्लॉटरची प्रिन्सिपल डिस्टन्सची डायल १०० च्या आसपास येऊन थांबायची, त्याच्या खाली जायचीच नाही, कारण ते मशीन १५० मिलिमीटरच्या एरियल फोटोंसाठी बनवलेलं. मग दोन रस्ते.

पहिला रस्ता, फोटो मोठा करून डायपॉझिटिव्ह (प्लॉटरमध्ये लावायची पारदर्शक पॉझिटिव्ह) बनवायची. दुप्पट केलं की फॉरमॅट १३० बाय १८० होतो आणि प्रिन्सिपल डिस्टन्स १२८, डायलच्या रेंजमध्ये आरामात बसतं. पण एन्लार्जर कधीच बरोब्बर दुप्पट करत नाही. आम्ही डायलवर १२८ लावून मोकळे झालो होतो आणि खोली दीडेक टक्क्याने मार खात होती, आठवडा गेला त्यात. मग सरांनी डायपॉझिटिव्ह लाइट टेबलवर ठेवली, डोळ्याला भिंग लावून काचेच्या पट्टीने दोन फिड्यूशियल (कॅमेऱ्याने फ्रेमच्या कडेला उमटवलेल्या) खुणांमधलं अंतर मोजायला लावलं आणि मूळ निगेटिव्हवरच्या अंतराने भागायला लावलं. आलं २.०१५. म्हणजे प्रिन्सिपल डिस्टन्स १२८ नाही, १२८.९६, आणि उरलेला फरक कॅलिब्रेशन सर्टिफिकेट न बघता ६४ हा गोल आकडा धरल्याचा. तेव्हापासून माझा नियम आहे की एन्लार्जमेंट किती झाली हे एन्लार्जरच्या स्केलवरून कधीच घ्यायचं नाही, फिड्यूशियलवरून काढायचं, आणि ते सुद्धा आडवं वेगळं, उभं वेगळं आणि दोन्ही कर्ण वेगळे. आडवं-उभं वेगळं आलं तर फिल्म एका दिशेने आकसली आहे. समोरासमोरच्या बाजू वेगवेगळ्या आल्या तर एन्लार्जरमध्ये निगेटिव्ह आणि बेसबोर्ड समांतर नव्हते, ती डायपॉझिटिव्ह टाकून द्या आणि नवीन करा, ती प्लॉटरवर सुधारण्याच्या नादी लागू नका. कागदावर प्रिंट काढून चालवायचा तर विचारच नको, काच किंवा पॉलिएस्टर बेसची फिल्म. आणि लेन्सचं डिस्टॉर्शन पण त्याच पटीत मोठं होतं, जुना करेक्शन तक्ता तसाच वापरता येत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे मोठं करायचंच नाही, डायलवर जे बसेल ते प्रिन्सिपल डिस्टन्स लावायचं आणि खोली त्या पटीत ताणली जाणार हे मान्य करून शेवटी आकडे भागायचे. ६४ च्या फोटोला १२८ लावले तर खोली दुप्पट, वाचताना निम्मी करायची. याला ऍफाइन पद्धत म्हणतात आणि हे पूर्ण बरोबर आहे, पण फक्त तेव्हाच, जेव्हा दोन्ही फोटोंचे अक्ष एकमेकांना समांतर आहेत, बेसला काटकोनात आहेत आणि भिंतीला सरळ बघतायत. कॅमेरा वर उचललेला असेल तर हा रस्ता बंद समजा, आणि वाड्याचा वरचा मजला घ्यायला कॅमेरा सगळेच वर उचलतात.

इथे थोडं थांबून सांगतो कारण हा सगळ्यात फसवा प्रकार आहे. दोन्ही फोटो सारख्याच अंशाने वर उचललेले, समजा १५ अंश, तर रिलेटिव्ह ओरिएंटेशनमध्ये (दोन फोटो एकमेकांशी जुळवताना) वाय पॅरलॅक्स (एकाच बिंदूचा दोन फोटोंत राहिलेला वर-खाली फरक) पूर्ण जातो. मॉडेल स्वच्छ दिसतं. पण ताण बसतो तो कॅमेऱ्याच्या अक्षाच्या दिशेने, आणि तो अक्ष आता भिंतीला तिरका आहे, त्यामुळे मॉडेल नुसतं लांबत नाही तर कलतं. प्रिन्सिपल डिस्टन्समध्ये फक्त २ टक्के चूक आणि १५ अंशाचा कल असेल तर भिंत आणि सज्ज्याची तळफळी यांच्यातला काटकोन अर्ध्या अंशापेक्षा थोडा जास्त सुटतो, म्हणजे १० मीटर उंचीवर साधारण १० सेंटीमीटर. मग ड्रॉइंग बघणारा म्हणतो वाडा पुढे झुकलाय, आणि जुना वाडा असल्यामुळे सगळ्यांना ते खरंही वाटतं! म्हणून भिंत झुकलेली आहे असं मॉडेल सांगत असेल तर आधी साइटवर ओळंबा सोडा. आणि दोन कॅमेरे एकमेकांकडे वळवलेले असतील तर वाय पॅरलॅक्स पण पूर्ण जात नाही, एका कोपऱ्यात मारला की दुसऱ्या कोपऱ्यात उगवतो, तेव्हा प्रिन्सिपल डिस्टन्स खरंच लावण्याशिवाय इलाज नाही.

दुसरी मोठी भानगड अक्षांची. मुळात प्लॉटर यंत्रं आली ती जमिनीवरच्याच फोटोंसाठी, जर्मन वास्तुतज्ज्ञ मायडेनबाउरने १८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या चर्चची मापं घेताना उंचावरून पडता पडता वाचल्यावर इमारती फोटोवरून मोजायचं मनावर घेतलं, ऑस्ट्रियाच्या फोन ओरेलचा स्टिरिओऑटोग्राफ (एक सुरुवातीचा प्लॉटर) पण डोंगरांच्या जमिनीवरून काढलेल्या फोटोंसाठीच होता. पण नंतर विमान आलं आणि पुढची बहुतेक यंत्रं आणि आता सॉफ्टवेअर पण असंच धरून चालतात की कॅमेरा वर आहे, खाली बघतोय आणि झेड म्हणजे उंची. त्याला तुमची भिंत म्हणजे जमीनच वाटते. आपण जमिनीवर उभे राहून समोर बघतो तेव्हा आपल्याला जी खोली वाटते ती त्याची झेड, आणि आपली उंची ती त्याची वाय. टोटल स्टेशनचे (साइटवर कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राचे) कोऑर्डिनेट तसेच टाकले तर ओमेगा (कॅमेरा एक्स अक्षाभोवती किती फिरलाय तो कोन) ९० अंशाच्या आसपास जातो आणि एरियलसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर तिथे सुरुवातीची व्हॅल्यू शून्य धरून सुरू करत असल्याने कन्व्हर्जच होत नाही (उत्तरापर्यंत पोचतच नाही), किंवा भलतीकडे जाऊन बसतं.

उपाय म्हणजे कंट्रोल आधीच फिरवून द्यायचं. पण नुसती कॉलमची अदलाबदल करायची नाही, चिन्ह बघायचं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा घ्या, सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतो. तो उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणजे त्याचा फोटो काढायला आपण उत्तरेला उभे राहून दक्षिणेकडे बघणार, आणि आपल्या उजव्या हाताला पश्चिम येणार. तर नवीन एक्स म्हणजे वजा ईस्टिंग (पूर्वेकडे वाढणारा आकडा), नवीन वाय म्हणजे उंची, आणि नवीन झेड म्हणजे नॉर्दिंग (उत्तरेकडे वाढणारा आकडा), कारण झेड नेहमी कॅमेऱ्याच्या दिशेने वाढला पाहिजे. उलट एखादी दक्षिणाभिमुख भिंत असेल, आपण उत्तरेकडे बघतोय, तर एक्स म्हणजे ईस्टिंग तसंच, वाय म्हणजे उंची आणि झेड म्हणजे वजा नॉर्दिंग. हे वजा विसरलं की अक्षांची उजव्या हाताची चौकट डाव्या हाताची होते, आणि आरशातलं मॉडेल कुठल्याही फिरवाफिरवीने सरळ होत नाही. लक्षण असं की मॉडेल स्टिरिओत मस्त दिसतं, पण ऍब्सोल्युट ओरिएंटेशनला (मॉडेल कंट्रोलवर बसवताना) खोलीचे रेसिड्युअल अचानक मीटरमध्ये येतात, आणि जो बुरूज पुढे आहे तो आत गेलेला आणि जो दरवाजा आत आहे तो पुढे आलेला. असं दिसलं की सरळ चिन्ह तपासा. आणि उणे आकडे टाळायला झेडमध्ये हजार मिळवून टाका, काही सॉफ्टवेअर फ्लाइंग हाइट (त्यांच्या हिशोबाने कॅमेऱ्याची उंची) उणे आली की अडून बसतात. भिंत दिशांना तिरकी असेल तर आधी प्लॅनमध्ये फिरवून एक्स भिंतीला समांतर करा, मगच हे सगळं. फिरवलेल्या आणि मूळ कोऑर्डिनेटची दोन्ही फाइल नावं घालून जपून ठेवा, सहा महिन्यांनी कुठली कुठली ते आठवत नाही. ऍनालॉग मोठ्या मशीनवर वाय आणि झेडचे गिअर अदलाबदल करायची सोय असायची, त्याने टेबलवर प्लॅन निघायचा. दर्शनी भिंतीचं एलिव्हेशन हवं असेल तर ती अदलाबदल करायची नाही, मशीन ज्याला प्लॅन समजतं तेच आपलं एलिव्हेशन.

आता गुणोत्तर जागोजागी वेगळं येतंय ती केस. इथे मी पहिल्यांदा बघतो की रिलेटिव्ह ओरिएंटेशनचे पॉइंट फोटोत कुठे आहेत. एरियलला सहा ग्रुबर पॉइंट (दोन फोटो जुळवायला घ्यायचे ठरलेल्या जागांचे बिंदू) असतात, वर दोन, मध्ये दोन, खाली दोन, आणि सगळीकडे जमीन असते. आपल्या फोटोत वरच्या दोन ठिकाणी बऱ्याचदा आभाळ असतं आणि खालच्या दोन ठिकाणी रस्ता, गाड्या, माणसं. मग सगळे पॉइंट मधल्या पट्टीत येतात आणि ओमेगा नीट ठरतच नाही, रेसिड्युअल ०.३ पिक्सेल येतो, सगळे खूश, आणि मॉडेल वरच्या बाजूला पिळवटलेलं. फोटो काढतानाच भिंतीने फ्रेम भरायची, कोपऱ्यांपर्यंत. ते शक्य नसेल तर कॅमेऱ्याचा कल थिओडोलाइटवरून लिहून आणायचा आणि तो तसाच लॉक करायचा, ठरवायला मशीनवर सोडायचा नाही. ऑटोमॅटिक मॅचिंग वापरत असाल तर अजून एक, सज्ज्याखालचे लाकडी हस्त सगळे एकसारखे, सारख्या अंतरावर, मॅचिंगवाला एका हस्ताला दुसऱ्या फोटोतल्या शेजारच्या हस्ताशी जोडून मोकळा होतो, मग खोलीत अचानक उड्या दिसतात. ते पॉइंट हाताने मारा, त्याला पर्याय नाही. दोन फोटोंच्या मध्ये हललेल्या गोष्टी, सावली, फांद्या, दोरीवरचे कपडे, यांच्यावर तर पॉइंट नकोच.

आणि गुणोत्तर असं नाही पण आकडे नुसते इकडे तिकडे हलतायत, दर वेळी वेगळं वाचन, तर बेस लहान पडलाय. खोलीतली चूक म्हणजे अंतराचा वर्ग भागिले बेस आणि प्रिन्सिपल डिस्टन्सचा गुणाकार, गुणिले पॅरलॅक्स मोजण्यातली चूक. भिंत २० मीटरवर, बेस २ मीटर, प्रिन्सिपल डिस्टन्स ६४ मिलिमीटर आणि पॅरलॅक्स ०.००५ मिलिमीटरपर्यंत मोजला तर खोली साधारण १६ मिलिमीटरने हलते, बेस ४ मीटर केला की ८ मिलिमीटर. १२० सेंटीमीटरच्या पक्क्या बेसचा स्टिरिओमेट्रिक कॅमेरा (एकाच दांड्यावर बसवलेले दोन कॅमेरे) घेऊन २० मीटरवरच्या नक्षीची खोली मिलिमीटरमध्ये मागणाऱ्याला हे गणित कागदावर करून दाखवा, वाद मिटतो. बेस खूप मोठा केला तर खोल देवळीची एक आतली बाजू दुसऱ्या फोटोत दिसतच नाही, म्हणून मी साधारण अंतराच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शात ठेवतो.

आता साइटवर जाताना माझी सवय सांगतो. कंट्रोल पॉइंट लावताना निदान तीन तरी भिंतीच्या प्रतलाबाहेर, एक देवळीच्या आतल्या पाठीवर, एक सज्ज्याच्या कठड्यावर, एक जोत्याच्या खालच्या पायरीच्या कडेवर, आणि दिल्ली दरवाजासारखी वास्तू असेल तर दोन्ही बाजूंच्या बुरुजांच्या पुढे आलेल्या फुगीर भागावर. मग प्रत्येक कॅमेरा स्टेशनपासून भिंतीपर्यंतचं अंतर टेपने किंवा डिस्टोने (लेझरने अंतर मोजणाऱ्या हातातल्या उपकरणाने) घेऊन वहीत लिहितो, फक्त सेंटीमीटरपर्यंत, तेवढं पुरतं. घरी आल्यावर ओरिएंटेशन झालं की पहिलं काम, सॉफ्टवेअरने काढलेली कॅमेऱ्याची जागा भिंतीपासून किती लांब आहे ते बघायचं आणि वहीतल्या आकड्याशी भागायचं. परवाच एकाचं मॉडेल आलं होतं, वहीत १८.४० मीटर आणि सॉफ्टवेअरमध्ये २७.६०. मी त्याला फोनवर एवढंच विचारलं की कॅमेरा फाइलमध्ये फोकल लेंग्थ कुठून घेतलीस, तो म्हणाला एक्झिफमधून, मी म्हटलं खालची ओळ बघ, दोन आकडे आहेत. पंधरा मिनिटांनी त्याचा देवळीचा फोटो आला, आत टेप लावलेली, २० सेंटीमीटर, आणि शेजारी स्क्रीनवर २०.३.